दर्याचा रफार

माझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात, फुलस्केपच्या गठ्ठ्याला टेकून, सुतळीने बांधलेली शिशाच्या खिळ्यांची एक ओळ उभी आहे. खिळे म्हणजे छापखान्यातले, एकेका अक्षराचे. भिंतीत ठोकायचे नव्हेत. हे हल्ली सांगावं लागतं. अक्षरं उलटी असल्यामुळे ओळ चटकन वाचता येत नाही. बहुतेक गिऱ्हाइकं चार्ट पेपर, सेलोटेप, झेरॉक्स एवढं उरकून निघून जातात. एखादाच थांबतो आणि विचारतो, "काका, हे काय आहे?" मग माझी गाडी सुटते. आतून बायको म्हणते, "झालं सुरू." होतं खरं. ती ओळ शशिकलाताईंची आहे आणि त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगणं मला कधी जमलेलं नाही.

आता माझं दुकान खांदा कॉलनीत आहे, पण उमेदीची वर्षं गेली ती जुन्या पनवेलात, कचेरीच्या गल्लीत. एका बाजूला अर्ज टाइप करून देणारे, समोर स्टँपपेपरवाले, मध्ये चहाची गाडी आणि कोपऱ्यावर मी, 'कमळाकर स्टेशनरी'. तेव्हा स्टेशनरी म्हणजे आधी कचेरीचं सामान, शाळेचं नंतर. टाचण्या कागदाच्या घडीवर ओळीने टोचून यायच्या. डिंकाच्या बाटलीला लाल रबराचं बोंड असायचं आणि ते पहिल्या आठवड्यात चिकटून बसायचं. दोन्ही टोकांना पत्रा मारलेले हिरवे टॅग, जांभळ्या शाईचे पॅड, टीपकागद, लाखेच्या कांड्या. पार्सलवर सील करायला कुणी दुकानातच लाख वितळवली की तो वास दिवसभर शर्टाला राहायचा आणि मला तो अत्तरापेक्षा आवडायचा.

ह्या सामानाच्या जन्मकथा सांगायची मला खोड आहे. फुलस्केप, फुलस्केप म्हणून ऐटीत कागद मागणाऱ्या साहेबलोकांना मी मुद्दाम सांगायचो, की फार पूर्वी युरोपात ह्या कागदात, उजेडाकडे धरला की दिसेल अशी, विदूषकाची टोपी उमटवलेली असायची. त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे आपले सगळे गंभीर अर्ज विदूषकाच्या टोपीवर लिहिले जातात. काही हसायचे. काही मला खुळ्यात काढून सुटे पैसे न घेताच निघून जायचे. पेन्सिल खोडायला रबर येण्याआधी लोक पावाचा तुकडा वापरायचे, हे मी एका मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं रबर निघालं, नाहीतर आमच्या वर्गातली पोरं खोडायच्या आधीच खाऊन टाकायची." असली माणसं आता गिऱ्हाईक म्हणून येत नाहीत. आता येतात जेल पेनवाले. रिफिल संपली की अख्खं पेन फेकून देतात. ही कुठली रीत, असं विचारलं की माझ्याकडे बघत राहतात.

तर त्या गल्लीत, माझ्या दुकानाच्या ओट्यावर, शटरच्या उजव्या अंगाला शशिकलाताईंचं टेबल होतं. पाटी होती, 'रबरी शिक्के करून मिळतील'. ही पाटी माझ्या पाटीपेक्षा जुनी. मी दुकान घेतलं ते ताईंसकट घेतलं, असं गल्लीत सगळे म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. अंगाने किरकोळ, नेसायला फिक्या रंगाची सुती साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि पदराला हमखास एक जांभळा डाग.

त्यांचे वडील गुरुदत्त नाना. नानांचा 'कर्नाळा छापखाना' एके काळी पनवेलात सगळ्यांना माहीत होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं तिथे छापलं जायचं. गोवा हायवेला लागलं की कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो ना, त्याला नाना 'कर्नाळ्याचा रफार' म्हणायचे. कर्नाळा लिहिताना डोक्यावर रफार येतो आणि डोंगरालाही डोक्यावर रफार आहे, असा त्यांचा विनोद. छापखान्यातली माणसं अशाच विनोदांना हसतात.

ताई त्यांची एकुलती एक. शाळेत अक्षरओळख व्हायच्या आधी त्यांना खिळ्यांची ओळख झाली, म्हणून त्यांना आधी उलटं वाचता आलं आणि सुलटं नंतर. पुढे त्या छापखान्यातच जुळारी झाल्या. जुळारी म्हणजे एकेक खिळा उचलून मजकूर जुळवणारा. बाई जुळारी म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे. "साऱ्या पनवेलच्या लग्नपत्रिका जुळवल्या, माझी तेवढी राहून गेली," असं त्या सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, पण त्या हसल्या की आपल्याला हसावंच लागायचं.

ऑफसेट आलं आणि छापखाना बसला. नाना गेले. यंत्र भंगारात गेलं. ताईंनी खिळ्यांच्या काही केसी, म्हणजे खणाखणांचे ते लाकडी ट्रे, तेवढे वाचवले आणि पुढे माझ्या झालेल्या ह्या ओट्यावर येऊन शिक्के करायला लागल्या. आणखी एक गोष्ट त्यांनी आणली. बिलबुकाच्या माथ्यावर छापायला नानांनी मोठ्या टायपात स्वतः जुळवून ठेवलेली 'कर्नाळा छापखाना, पनवेल' ही ओळ. सुतळीने बांधलेली ती ओळ टेबलामागच्या फळीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी असायची. ताई सकाळी उदबत्ती लावायच्या ती दोघांना मिळून.

शिक्का कसा करतात ते मी इतक्यांदा बघितलं, की मला स्वप्नात करता येईल. खिळे जुळवून चौकटीत आवळायचे. त्यावर जाड पुठ्ठ्यासारखा साचा ठेवून, खाली शेगडी असलेल्या स्क्रूच्या दाबात, म्हणजे छोट्या हातप्रेसमध्ये, घालायचा. अक्षरं साच्यात उतरली की साच्यावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा आणि पुन्हा उष्णता, पुन्हा दाब. रबर शिजतं आणि अक्षर घेऊन बाहेर येतं. मग कात्रीने कापून लाकडी मुठीवर चिकटवायचं. अमेरिकेत पहिले रबरी शिक्के करणाऱ्यांनी ह्या कामासाठी दातांच्या डॉक्टरांची भांडी वापरली होती. कवळीचं रबर शिजवायची ती भांडी. म्हणजे शिक्का आणि कवळी सख्खी भावंडं. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून साहेबाने शिक्का मारला की माणसाला चावल्यासारखं वाटतं."

त्यांची एक पद्धत होती. नव्या शिक्क्याचा पहिला ठसा कागदावर मारायचा नाही. स्वतःच्या डाव्या मनगटावर मारायचा. कागद शाई पिऊन दोष झाकतो, कातडी काही झाकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या हातावर सरपंच, मुख्याध्यापक, 'रद्द' आणि 'खरी प्रत' असे सगळे एकमेकांच्या अंगावर बसलेले असत. नाक्यावरची भाजीवाली विचारायची, "ताई, आज कोन झालात?" ताई हात उलटा करून दाखवायच्या आणि त्या दिवशी जे काय झालेल्या असतील ते सांगायच्या.

मग समोर सुशांतचं दुकान आलं. कॉम्प्युटर, प्रिंटर आणि फ्लॅशचे शिक्के. ह्याला पॅड लागत नाही, शाई आतच भरलेली. गिऱ्हाईक चहा घेऊन येईपर्यंत शिक्का तयार. दोन हजार पाच-सहानंतर त्याच्याकडे रांग आणि ताईंच्या टेबलावर धूळ, असा प्रकार झाला. मला सुशांतचा भयंकर राग होता. ताईंना नव्हता. पोरगा सज्जन होता, अडला की मजकूर घेऊन ताईंकडेच यायचा. "ताई, 'अध्यक्षीय' मध्ये दीर्घ कुठे?" ताई सांगायच्या. मी आतून ओरडायचो, "फुकट शिकवू नका त्याला." ताई माझ्याकडे लक्ष द्यायच्या नाहीत.

अशात दोन हजार तेराचा श्रावण आला. त्या वर्षी सगळ्या सहकारी संस्थांना नवे उपविधी, म्हणजे बायलॉज, करून द्यायचे होते, त्यामुळे गल्लीत सेक्रेटरी मंडळींची पळापळ चाललेली. एका दुपारी विठूकाका आले. उरणकडच्या खाडीवर त्यांचा कोळीवाडा, तिथल्या मच्छीमार सोसायटीचे ते चेअरमन. बरोबर त्यांचा पुतण्या परेश. तो बी.कॉम. झालेला, बंदरावर नोकरी करणारा आणि सोसायटीचा नवा सेक्रेटरी. विठूकाकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून, फडक्यात गुंडाळलेला एक शिक्का काढला आणि देवाची मूर्ती ठेवावी तसा टेबलावर ठेवला.

"वलकलात का ताई? तुमीच केलेला. तुमचं बापूस बाजूला उबं व्हतं."

ताईंनी लगेच ओळखला. छापखाना चालू होता तेव्हा, नानांच्या देखरेखीखाली त्यांनी आयुष्यात केलेला तो पहिला शिक्का होता. त्यांनी पॅडवर टेकवून कोऱ्या कागदावर उमटवला. तीन ओळी आल्या. 'दयासागर', खाली 'मच्छीमार सहकारी संस्था', खाली बारीक टायपात 'मर्यादित'.

ताईंचा चेहरा उतरला. "दयासागर? मी 'दर्यासागर' केला होता."

"तोच तर प्रॉब्लेम झालाय," परेश म्हणाला. "वरचा रफार गेलाय. कधी गेला कुणालाच माहीत नाही. गावात सगळे दर्यासागरच वाचतात, कारण सगळ्यांना पाठ आहे. पण बाहेरच्यांनी शिक्का बघून लिहिलं. बँकेत दयासागर, लायसन्सवर दयासागर, लाइटबिलावरसुद्धा दयासागर. फक्त रजिस्ट्रेशनवर दर्यासागर. आता नवीन बायलॉजमध्ये एकच नाव पाहिजे."

एक रफार पडला आणि दर्याची दया झाली. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

परेशने पुढचं नीट सांगितलं. वाटा दोनच होत्या. बँकेत खातं उघडलं तेव्हाचं जुनं कार्ड सापडलं होतं, त्यावर ह्याच शिक्क्याचा नवाकोरा ठसा होता, रफारासकट. बँकेचे साहेब म्हणाले होते, की त्या नमुन्याशी अक्षर न् अक्षर जुळणारा शिक्का आणा, मग हा झिजलेल्या शिक्क्याचा घोळ म्हणून आम्ही नाव दुरुस्त करून देतो. बँकेचं झालं की बाकीचेही करतील. ते जमत नसेल, तर सरळ सर्वसाधारण सभेत ठराव करून संस्थेचं नावच दयासागर करून टाका. सभा रविवारी होती आणि ठराव विषयपत्रिकेवर गेलासुद्धा होता.

"सुशांतकडे जाऊन आलो," परेश म्हणाला. "तो म्हणाला, कॉम्प्युटरच्या अक्षराची ठेवण वेगळी येते, जुळणार नाही. काका, मी म्हणतो, दयासागर तरी काय वाईट आहे? चांगलं नाव आहे."

विठूकाका कवळी सावरत म्हणाले, "चांगलं हाय. पन आपलं हाय का? आमच्या म्होरं भराव टाकला, दर्या मागं सरला. व्हड्या लावाला जागा नाय. मासली पयल्यासारकी गावत नाय. आता दर्या रवलाय त्यो नावात. त्यो बी आमीच आमच्या हातानं काडू?"

परेशने घड्याळाकडे पाहिलं. तो काही वाईट पोरगा नव्हता. त्याला सुट्टी टाकून खेटे घालावे लागत होते.

ताईंच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. आपल्याच कामात खोट राहिली, रबर कच्चं शिजलं, म्हणून रफार गळला, असं त्यांनी धरलं होतं. त्यांनी शिक्का डोळ्यांशी नेला, उलटा केला आणि मग नाकाशी नेला. पुन्हा एकदा वास घेतला.

"काका, ह्याला तुम्ही काय लावता?"

"काय म्हंजे? डिझेल. शिक्का मारून झाला का डिझेलच्या फडक्यानं बेसपैकी पुसतो. बोटीच्या इंजिनाचे पार्टस पुसतो तसाच. जरा सुदिक घान ठेवली नाय मी."

ताईंनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना हसू आवरेना. रबराला डिझेल म्हणजे विष. रबर फुगतं, मऊ पडतं आणि सगळ्यात नाजूक तुकडा आधी गळतो. इतकी वर्षं काकांनी ज्या मायेने शिक्का सांभाळला, त्याच मायेने त्याचा रफार खाल्ला होता. कारण कळल्यावर काका लहान पोरासारखे ओशाळले. "मंग मीच बुडवला का दर्या?" एवढंच म्हणाले.  मी चहा सांगितला.

"करते मी," ताई म्हणाल्या. "शनिवारी या."

मंडळी गेली आणि ताईंनी केसी उपसायला घेतल्या. खरी अडचण तेव्हा मला कळली. मोठ्या टायपात रफार काही सुटा नसतो. काना आणि त्याच्या डोक्यावर रफार, असा मिळून एकच खिळा. त्याचं टोक इतकं नाजूक, की जुन्या, झिजलेल्या शिशाला साच्याचा दाब सोसत नाही. टोक मोडून साच्यातच राहतं. ताईंच्या खणात असे खिळे होते, पण सगळ्यांची टोकं मोडलेली. बाकी 'दर्यासागर'ची सगळी अक्षरं मिळाली. रफाराचा तेवढा पत्ता नाही.

नवे खिळे पाडणारे मुंबईचे कारखाने केव्हाच बंद झालेले. ताई गावातल्या एका जुन्या छापखान्यात जाऊन आल्या, तर तिथे मोबाइलचं दुकान, आणि खिळे वजनावर विकून झालेले. मी माझ्या परीने दोन-चार ठिकाणी फोन केले. ज्याला त्याला 'रफार पाहिजे' म्हणून सांगताना माझंच मला हसू यायचं. एक जण म्हणाला, "रफार? कुठल्या कंपनीचा?" मी फोन आपटला.

शनिवारी सकाळीच विठूकाका हजर. एकटेच, उरण नाक्यावरून चालत आलेले. अडचण सांगितली तर त्यांनी जुन्या ठशाच्या कागदावर बोट ठेवलं. अक्षरओळख बेताची, पण डोकं तल्लख. "ह्ये बगा, खाली 'मर्यादित'वर हाय की रफार. मर्यादेचा काडा न् दर्याला लावा."

ताई म्हणाल्या, "तो बारीक टायपातला आहे काका. मर्यादेचा रफार दर्याला पुरायचा नाही."

काका ह्यावर हसले नाहीत. ओट्यावर टेकले आणि रस्त्याकडे बघत बसले. ताई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वळवून फळीकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हाच कळलं. 'कर्नाळा'. तोच टायप, तेवढाच मोठा. काना आणि डोक्यावर रफार. ओळ क्वचितच छापायला निघायची आणि साच्यात कधीच दाबलेली नव्हती, म्हणून टोक शाबूत.

"ताई, ती नको," मी म्हणालो. "ती नानांनी स्वतः जुळवलेली आहे."

"म्हणून तर बसेल. दर्यासागरचे खिळेही नानांच्याच टायपातले."

"मोडेल तो."

"मोडेलच," त्या म्हणाल्या. "कमळाकर, छापखाना बंद झाला. त्याचं नाव आता मी सोडून कुणी वाचत नाही. ह्यांचा दर्या अजून चालू आहे."

मला राग आला. कुणाचा ते अजून सांगता येत नाही. बंदराचा, बँकेचा, कॉम्प्युटरचा, त्या बिचाऱ्या काकांच्या डिझेलचा. माणसाने वडिलांची म्हणून एक ओळ उराशी धरावी आणि तीही अशी सोडायला लागावी, हे मला बघवेना. मी आत जाऊन उगाच टाचण्यांची पाकिटं लावत बसलो.

बाहेर आलो तेव्हा सुतळी सुटलेली होती. ताईंनी चिमट्याने तो खिळा उचलला, 'दर्या'त बसवला, चौकट आवळली. साचा ठेवून दाब फिरवायला घेतला तो एरवीपेक्षा कितीतरी हळू. विठूकाका उभे राहिले होते. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं चाललंय एवढं कळलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. दाब उघडला. साच्यात अक्षरं खोल उतरली होती आणि रफाराच्या खोबणीत शिशाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा अडकून राहिला होता.

ताईंनी हात पुढे केला. "टाचणी द्या."

मी दिली. त्यांनी टाचणीने तो कण अलगद काढला, कागदाच्या पुडीत बांधला आणि पर्समध्ये, बाकीच्या बायका अंगारा ठेवतात त्या कप्प्यात ठेवला. मग रबर लावलं. शिक्का तयार झाला, मुठीवर बसला. सवयीने ताईंनी डावं मनगट पुढे केलं, आणि थांबल्या.

"काका, हात द्या."

काकांनी उजवा तळहात पुढे केला. जाळ्याच्या दोऱ्यांनी घट्टे पडलेला हात. ताईंनी त्यावर शिक्का टेकवला आणि उचलला. जांभळ्या अक्षरांत 'दर्यासागर'. रफार असा ताठ आणि टोकदार, की नानांनी पाहिला असता तर तोच तो विनोद पुन्हा केला असता. काकांनी हात उजेडाकडे धरला. मग "जमला गो बाय," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले, ते डाव्या हाताने.

"डिझेल नाही," ताई म्हणाल्या. "साधं ओलं फडकं."

"नाय. आता पान्यानंच."

परेशने शनिवारची अर्ध्या दिवसाची बँक बंद व्हायच्या आत शिक्का तिथे नेला, साहेबांनी कार्डाशी ताडून पाहिला आणि चालेल म्हणून सांगितलं. पण ठराव विषयपत्रिकेवर होता, सभेत तो मांडायलाच हवा होता. विठूकाकांचा निरोप आला, ताईंनी सभेला यायलाच पाहिजे. ताई आढेवेढे घ्यायला लागल्या, तेव्हा मी त्यांना स्कूटरवर घालून नेलं.

सोसायटीची शेड खाडीच्या तोंडावर. मागे भरावाची लाल माती आणि त्यापलीकडे क्रेन. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. विठूकाकांच्या बायकोने, गंगाबाईंनी, ताईंना हाताला धरून पुढे नेऊन बसवलं आणि कानाशी म्हणाल्या, "काल रातीला बसलं जेवाला, तं चमचा मागितला. जल्मात पयल्यांदा चमच्यानं जेवलं. हात धुवाचा नाय बोललं."

परेशने ठराव वाचला. वाचून झाल्यावर कागद खाली केला आणि म्हणाला, "बँकेने नवीन शिक्का मान्य केलाय. तरी विषय आहे म्हणून विचारतो. दर्यासागरचं नाव बदलून दयासागर करायचं. ह्याच्या विरोधात कोण कोण?"

विठूकाकांनी हात वर केला. तळवा पुढे होता. शाई जरा पसरली होती, तरी मागच्या रांगेतूनही वाचता येत होतं. मग गंगाबाईंचा हात वर गेला, मग बायकांची सगळी बाजू, मग पुरुष. परेशने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचाही हात वर केला. ताईंना तिथे मत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं आणि मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

त्यानंतर ताईंनी फार वर्षं टेबल चालवलं नाही. डोळ्यांनी दगा दिला. त्या नातेवाइकांकडे करंजाड्याला राहायला गेल्या. गल्लीतलं दुकान मीही सोडलं. केसी कुणाला तरी शोभेला म्हणून हव्या होत्या, त्या गेल्या. जायच्या आधी ताईंनी मोडलेला खिळा त्याच्या जागी परत बसवला, नानांची ओळ पूर्वीसारखीच सुतळीने बांधली आणि माझ्या हातात दिली. मी म्हणालो, गणपती तुमच्याबरोबर जातोय, ही पण राहू दे. त्या म्हणाल्या, "नको. तुमच्याकडे लोक येतात. कुणीतरी वाचेल."

आज सकाळी एक शाळकरी मुलगी आली होती, प्रोजेक्टसाठी आरसेवाला कागद न्यायला. तिला मी तोच कागद ओळीसमोर धरून वाचायला लावलं. तिने एकेक अक्षर लावत वाचलं, "कनाळा छापखाना, पनवेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, स्पेलिंग चुकलंय. कर्नाळा पाहिजे ना? रफार द्यायचा राहिला."

"राहिला नाही गं," मी म्हणालो. "दिलाय."